ओळखीचा वाटणारा शब्द

वाचताना अनोळखी शब्द आला तर काय करावे, हा प्रश्न शाळेतच सुटला आहे असे समजून आपण महाविद्यालयात साहित्य शिकवायला लागतो. तो तेथे सुटलेला नसतो. विद्यार्थ्यांना फार तर दोन उपदेश मिळालेले असतात. पहिला, अडलेला शब्द लगेच कोशात पाहावा. दुसरा, अडून न राहता पुढे जावे, अर्थ संदर्भाने उलगडतो. दोन्ही उपदेश आपापल्या जागी योग्य आहेत आणि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे: आपल्याला कोणता शब्द येत नाही, हे वाचकाला ठाऊक असते. आमचा आक्षेप आहे तो या गृहीताला. न कळलेला शब्द वाचकाला निदान थांबवतो. कळला आहे असे वाटलेला शब्द त्याला न थांबवता भलतीकडे नेतो. आणि वर्गात शब्दार्थ सांगण्याची आपली रूढ पद्धत नेमक्या या दुसऱ्या शब्दाकडे लक्षच देत नाही.

उदाहरणासाठी फार दूर जायला नको. बहिणाबाई चौधरी यांची 'मोट हाकलतो एक' ही कविता घेऊ. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हा संग्रह निघाला आणि तेव्हापासून शालेय पुस्तकांपासून एम.ए.च्या अभ्यासक्रमापर्यंत ही कविता सतत शिकवली जात आहे. ती सोपी मानली जाते. तिच्यात कणा, चाक, नाडा, धाव असे शब्द येतात. यांतील एकही शब्द विद्यार्थ्याला अनोळखी वाटत नाही, म्हणून तो कोणत्याही शब्दाचा अर्थ विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही.

आता हे शब्द विद्यार्थ्याच्या मनात कोणत्या वस्तू उभ्या करतात ते पाहावे. कणा म्हणजे पाठीचा कणा. नाडा म्हणजे पायजम्याचा नाडा. धाव म्हणजे धावणे, किंवा क्रिकेटमधली धाव. मोटेच्या विहिरीवर मात्र कणा हा चाकाचा आस असतो. नाडा हा मोट ओढणारा जाड दोर असतो. धाव ही विहिरीपासून पुढे उतरत गेलेली वाट असते: बैल तिच्यावरून खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते आणि बैल मागे सरत वर येतात तेव्हा रिकामी मोट विहिरीत उतरते. ही रचना डोळ्यांपुढे आली की मग कवितेतील चढउताराला, ओढीला आणि दोहोंना बांधणाऱ्या एकपणाला अर्थ येतो. ती नसेल तर उरते ते 'जीवनाचे तत्त्वज्ञान' हे गाइडमधले वाक्य. विद्यार्थी ते लिहितो, गुण मिळवतो आणि आपल्याला कविता कळली असे समजतो.

'मोट' या शब्दाचेही तेच. आजच्या विद्यार्थ्याला तो वर्तमानपत्रातून माहीत असतो: कोणीतरी पक्षांची मोट बांधतो. त्या मोटेचा अर्थ गाठोडे. पाणी काढणारी चामड्याची मोट इंजिन आणि विजेचे पंप आले तसतशी शेतातून गेली आणि तिच्या अंगप्रत्यंगांची नावे एक तर विसरली गेली किंवा भलत्याच वाक्प्रचारात अडकून राहिली. 'थारोळे' हा शब्द पाहावा. मोट जेथे रिकामी होते ते कुंड म्हणजे थारोळे. आज तो 'रक्ताच्या थारोळ्यात' एवढ्याच शब्दजोडीत जिवंत आहे. ज्याने हा शब्द फक्त अपघाताच्या बातमीत वाचला आहे त्याला एखाद्या जुन्या ग्रामीण कथेत थारोळ्यावर पाणी पिणारी गुरे भेटली, तर क्षणभर अंगावर काटा यावा. तसा तो आला तर उत्तमच, कारण मग तो थांबेल आणि विचारेल. बहुतेक वेळा तसे होत नाही. डोळा पुढे सरकतो.

वस्तू गेल्या की शब्द असे फसवे होतात. काळ लोटला तरी होतात. प्राचीन मराठी शिकवणाऱ्यांना याचा अनुभव रोजचा असतो. 'ज्ञानेश्वरी'तील खरोखर अवघड शब्दांवर विद्यार्थी अडतो, टीप पाहतो, पुढे जातो. 'चाड' आला की अडत नाही, कारण 'सत्याची चाड' त्याला माहीत असते. तेथे मात्र चाड म्हणजे इच्छा, आवड. 'कोड' या शब्दाने त्याला त्वचेवरचे पांढरे डाग आठवतात. जुन्या मराठीत कोड म्हणजे लाड, हौस, कौतुक; हा अर्थ 'कोडकौतुक' आणि 'कोड पुरवणे' यांत अजून टिकून आहे, पण तेथे तो आहे याची जाणीव नसते. संतवाङ्मयातील 'चावट' हा फार बडबड करणारा, वाचाळ. आजच्या अर्थाने वाचला तर संतांचा रोख भलतीकडेच लागतो. 'दासबोधा'तील 'उपाधी' म्हणजे व्याप, लोकव्यवहाराचा पसारा. पदवीची आकांक्षा बाळगणारा विद्यार्थी ती पदवी समजतो. 'धादांत' हा शब्द आज 'खोटे' या शब्दाच्या आधाराशिवाय उभाच राहत नाही. समर्थांच्या लेखनात तो उघड, प्रत्यक्ष अनुभवाला येणाऱ्या गोष्टीसाठी येतो, म्हणजे आजच्या भावछटेच्या जवळजवळ विरुद्ध बाजूने. बखरी आणि जुनी पत्रे वाचताना 'जाब' आला की आपल्याला वाटते कोणीतरी कोणाला दरडावतो आहे. पुष्कळदा तेथे साधे उत्तर पाठवलेले असते.

या शब्दांची यादी करून ती पाठ करायला द्यावी असे आम्हाला सुचवायचे नाही. तसे केले तर आणखी एक शब्दार्थांचे पान तयार होईल. प्रश्न सवयीचा आहे, आणि ही सवय किती जुनी आहे हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना चांगले माहीत आहे. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्यापुढे त्याला न कळणारा शब्द आला की तो नकळत त्या जागी कळणारा शब्द लिहितो. म्हणूनच पाठनिश्चितीत एक तत्त्व सर्वत्र मानले जाते: दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा असतो, कारण सोप्याचे अवघड करण्याचे लेखकूला कारण नसते, अवघडाचे सोपे करण्याचे असते. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढच्या तीन शतकांत तिच्यात इतके पाठभेद शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, आणि यापुढे तिच्यात भर घालू नये असा इशाराही द्यावा लागला.

नक्कल करणारा जे बोरूने करीत होता, तेच आजचा वाचक मनात करतो. डोळ्यांपुढे 'कोड' हा शब्द जसाच्या तसा असतो, मनात मात्र दुसराच उतरतो. फरक इतकाच की मनातल्या पाठभेदाची कोठे नोंद राहत नाही, त्यामुळे तो दुरुस्त करायला कोणी एकनाथ येत नाही. साहित्याच्या अध्यापकाचे पहिले काम हे शुद्ध प्रतीचे काम आहे असे आम्ही मानतो. रसग्रहण, समीक्षादृष्टी, सिद्धांत हे सारे त्यानंतरचे.

हे काम कसे करावे याविषयी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, अनोळखीपणा नेहमी शब्दाचा नसतो. अनेकदा तो रूपाचा किंवा उच्चाराचा असतो, आणि तेथे शब्दार्थापेक्षा एखादा नियम अधिक उपयोगी पडतो. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो, एवढे एकदा सांगितले की डोया, काया, शाया, पानी हे शब्द आपोआप सुटतात आणि पन्नास टिपा वाचतात. जुन्या मराठीतील कीजे, म्हणिजे, बोलिजे ही रूपे एका साच्यातील आहेत. 'कीजे' म्हणजे 'केले जाते, करावे' हे उमगले की पुढची रूपे विद्यार्थी स्वतः सोडवतो. आपण मात्र प्रत्येक ओवीखाली स्वतंत्र अर्थ देत राहतो आणि नियम व्याकरणाच्या वेगळ्या पेपरसाठी राखून ठेवतो. एकाच भाषेचे दोन पेपर एकमेकांना ओळखत नाहीत.

दुसरी गोष्ट, काही शब्द न कळलेले राहू द्यावेत. दागिन्यांच्या किंवा वनस्पतींच्या लांबलचक यादीतील प्रत्येक नावासाठी कोश उघडणाऱ्याचे वाचन कधीच पुरे होत नाही. तो दागिना आहे एवढे कळले तरी पुष्कळदा भागते. काही शब्दांचा अर्थ तर पुस्तकालाच सांगू द्यावा. भालचंद्र नेमाडे यांची 'बिढार' ही कादंबरी १९७५ साली आली. बिढार हा महानुभावांच्या गद्यात मुक्कामाच्या जागेसाठी येणारा शब्द. आपले 'बिऱ्हाड' त्याच कुळातले. शीर्षकाखाली लगेच अर्थ लिहून ठेवला तर तो केवळ एक पर्याय होतो. तो शब्द मनात तसाच धरून वाचले आणि चांगदेव पाटील कोठेच स्थिर होत नाही हे पाहत गेले, की कादंबरी संपेपर्यंत शब्द वाचकाचा झालेला असतो. संदर्भाने अर्थ कळतो म्हणतात तो असा, शब्द टाळून नव्हे तर जवळ बाळगून.

मग कोठे थांबायचे आणि कोठे नाही? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा शब्द काढला तर वाक्य किंवा प्रतिमा उभी राहते का? तो पुन्हा पुन्हा येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: आपल्याला माहीत असलेला अर्थ या वाक्यात खरोखर बसतो, की आपण तो दाबून बसवतो आहोत? शेवटचा प्रश्न ओळखीच्या शब्दांसाठी आहे. अर्थ बसताना कोठेतरी खडा लागतो. तो खडा जाणवणे हेच वाचनाचे शिक्षण.

तिसरी गोष्ट कोशांची. कोश पाहा असे आपण सांगतो, पण कोणता आणि कसा हे क्वचितच सांगतो. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. एकोणिसाव्या शतकातील मराठीसाठी तो अजून अपरिहार्य आहे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड निघाले. त्यात अर्थाबरोबर जुन्या ग्रंथांतील अवतरणे येतात, आणि शब्द वऱ्हाडचा आहे की गोव्याचा याच्या खुणाही संक्षेपाने दिलेल्या असतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ चा. यादवकालीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ साली आला. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. आता विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलही क्षणात अर्थ सांगतो. अडचण अशी की तो बहुधा एकच अर्थ सांगतो, आणि तोही आजचा. चांगल्या कोशात एका शब्दाखाली चार-सहा अर्थ असतात आणि त्यांतून निवड करण्याची जबाबदारी वाचकावर येते. म्हणून कोशात आधी अवतरण वाचावे आणि मग अर्थ, असे आम्ही सांगतो. आपल्या वाक्याशी मिळतेजुळते अवतरण सापडले की अर्थाची निवड फारशी चुकत नाही.

चौथी गोष्ट अधिक नाजूक आहे. शब्द अनोळखी असतो तो कोणाला? प्रादेशिक कादंबरीच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडली जाते तेव्हा यादी करणाऱ्याने एक वाचक मनात धरलेला असतो: शहरी, प्रमाण मराठीत वाढलेला. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० सालची. वऱ्हाडातून आलेल्या विद्यार्थ्याला तिच्यातील संवादांसाठी यादी लागत नाही. लागली तर ती अध्यापकाला लागते. तरी वर्गात अर्थ सांगतो अध्यापकच, आणि ज्याच्या घरात तो शब्द रोज बोलला जातो तो मुलगा मान खाली घालून तो वहीत उतरवून घेतो. आपल्या बोलीतील शब्द 'कठीण शब्द' या मथळ्याखाली पाहणाऱ्या मुलाला त्यातून काय शिकवले जाते, याचा विचार आपण करायला हवा. आपली भाषा ही तळटीप आहे, हे तो शिकतो.

या बाबतीत विजय तेंडुलकरांनी घालून दिलेला धडा आपल्यापुढे आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची. नाटककार आणि पत्रकार म्हणून मराठीच्या अनेक थरांशी त्यांचा परिचय होता. तरीही या कवितेतील कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे सांगितले, ते ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर ती वस्ती पाहिली. प्रस्तावना लिहिणाऱ्याने कवीला अर्थ विचारावा आणि तसे छापून सांगावे, यात प्रस्तावनेची प्रतिष्ठा कमी झाली नाही. कवितेकडे कोणत्या अंतरावरून पाहिले जात आहे ते मात्र स्वच्छ झाले. वर्गात 'हा शब्द कोणाच्या घरी बोलतात?' असा प्रश्न आधी आणि कोश नंतर, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ साधेल.

अर्थात बोलीचा साक्षीदारही अंतिम नसतो. 'वाडा' म्हटले की पुण्याच्या विद्यार्थ्याला चौसोपी इमारत दिसते, कोकणातल्याला गुरांचा गोठा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि हातातल्या मजकुरात कोणता वाडा आहे हे दोघांनाही मजकुराकडेच परत जाऊन ठरवावे लागते. वर्गात असे दोन साक्षीदार समोरासमोर आले तर तो तास वाया गेला असे कोणीही समजू नये.

याला आमचे सहकारी जो आक्षेप घेतात तो खरा आहे. सेमिस्टर लहान, वर्ग मोठा, अभ्यासक्रम पुरा करायचा. एकेका शब्दावर रेंगाळायला वेळ कोठला? आमचे उत्तर असे की प्रत्येक शब्दावर रेंगाळूच नये. एका तासाला दोन किंवा तीन शब्द निवडावेत, आणि ते अवघड असण्यापेक्षा फसवे असावेत. बाकीच्यांसाठी यादी खुशाल द्यावी, मात्र वाचन झाल्यावर. आधी दिलेली यादी विद्यार्थ्याला मजकुराऐवजी यादी वाचायला लावते.

तरीही जोवर परीक्षा बदलत नाही तोवर यातले काही टिकणार नाही. शब्द देऊन त्याचा अर्थ मागणारा प्रश्न पाठांतराची चाचणी घेतो. त्याऐवजी न शिकवलेला एक लहान उतारा द्यावा, त्यातील एका शब्दाखालची कोशातील सगळी नोंद सोबत छापावी, आणि विचारावे: यांपैकी कोणता अर्थ येथे घ्याल, आणि का? पाच गुणांचा प्रश्न पुरे. त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही. अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या मित्रांनी हा प्रकार एखाद्या वर्षी करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. यासाठी नवे अनुदान लागत नाही आणि नवे पुस्तकही लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. आनंद सर्वांना झाला, आम्हालाही झाला. या दर्जामागे मराठीच्या प्राचीनतेचा आणि जुन्या ग्रंथसंपदेचा आधार आहे. ते ग्रंथ सटीप आवृत्त्यांत आणि गद्य सारांशांत सुखरूप आहेतच. पण मूळ पान उघडून, 'कोड' या शब्दाशी थबकून, हा आपला नेहमीचा शब्द नव्हे असे ओळखणारे पदवीधर आपण दरवर्षी किती घडवतो, यावर त्या ग्रंथांचे पुढचे आयुष्य ठरेल. ती संख्या फार मोठी असण्याची गरज नाही. ती शून्यावर जाऊ नये, एवढे तरी मराठीच्या अध्यापकांच्या हाती आहे.